अकोल्यात अडणारी गाडी

नत्थुजी गुरुजींची जुनी मोटार अमरावतीत कधीच अडायची नाही. राजापेठेत धर्मपालच्या गॅरेजमध्ये आणली की पहिल्या झटक्यात सुरू. अडायची ती अकोल्यातच, जुन्या शहरात, लेकीच्या दारात. तेही दर वेळी नाही. तीनदा गेले, तर एकदा.

धर्मपालने प्लग बदलले, पॉइंट घासले, बॅटरी तपासली. दोष सापडेना. तो शाळेत गुरुजींच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. एकोणीसशे एकसष्टच्या हिवाळ्यात एका रविवारी तो म्हणाला, "गुरुजी, आज मी संगं येतो. अडली का तिथंच पायतो."

गुरुजींची लेक शालू. तिचा नवरा रेल्वेत गार्ड, आठवड्यातल्या चार रात्री बाहेर. श्रावणात तिचं पहिलं बाळ सातव्या दिवशी गेलं होतं. गुरुजी पंधरा दिवसांनी बायकोला, रुख्मिणीबाईंना, घेऊन जात. पण लेकीच्या घरी मूल खेळेपर्यंत तिथलं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. गुरुजी ओट्यावरच बसत, बाई आत लेकीजवळ; चार वाजता दोघं निघत. गाडी अडली तर बाई लेकीकडे राहत, गुरुजी धर्मशाळेत झोपत. सकाळी गाडी सुरू होई.

त्या दिवशीही चार वाजता गुरुजींनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पकडेना.

धर्मपालने बॉनेट उचललं. कॉइलवरची जाड वायर जागेवर दिसत होती, पण बोट लावताच निघून हातात आली. तिच्या टोपणाला ओली कणीक लागली होती.

त्याने मान वळवली. बॉनेटच्या आडोशाला रुख्मिणीबाई उभ्या होत्या. हात पदरात लपवलेले.

"काकू, कावून?" तो हळूच म्हणाला.

"गॅरेजमधी तूच काढून पायली होती ना. तवा पायलं मी." त्यांनी पदराआड हात पुसले. "पोरगी रात्रभर दिवा विझवत नाई रे. मायेरी चाल म्हटलं, तर म्हणते पाळणा हितंच हाये. एक रात्र तिच्याजवळ निजाले भेटते, म्हणून."

"गुरुजीले सांगा न."

"ते रिवाज मोडतीन का?"

"मले माईत नाई. पण मी खोटं सांगू शकत नाई, काकू. अन् तुमचं नावही सांगणार नाई."

त्याने वायर दाबून बसवली.  मग बाई गाडीच्या खिडकीशी गेल्या.

"अहो, गाडी चांगली हाये. वायर मीच काढत होती. सकाळी मीच लावत होती." आणि पाळण्याचं, दिव्याचं, सगळं त्यांनी सांगितलं.

गुरुजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. रागावतील म्हणून धर्मपाल पान्हे पुसत राहिला.

"माह्याजवळ बोलली कावून नाई?" शेवटी ते म्हणाले.

"तुमी ओट्यावरून आत तरी आले काय?"

गुरुजी खाली उतरले. दारात शालू उभी होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी वहाणा काढल्या, टोपी काढून हातात घेतली आणि उंबरा ओलांडला.

"शालू, पाणी दे बेटा," ते म्हणाले. "धर्मपाललेही दे. आज आमी जेवूनच राहू."

शालूने भरलेला तांब्या पुढे केला. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला.

जेवणाला धर्मपाल आणि गुरुजी शेजारी बसले. नंतर तो शेवटच्या एसटीने परतला.

सकाळी ऊन खिडकीत आलं तरी मायलेकी गाढ झोपलेल्या होत्या. त्यांना उठवायला नको म्हणून गुरुजी अनवाणी पायांनी लेकीच्या स्वयंपाकघरात शिरले आणि चहासाठी एकेक डबा उघडून साखर शोधू लागले.