आक्काचा ठिपका

सकाळी दहाच्या सुमारास पडद्यावरचा लाल ठिपका सरळ रेषेत किनाऱ्याकडे निघाला आणि धाकटी खुर्ची पुढे ओढून बसली. घरातलं हे नाव तिला कार्यालयातही चिकटलं होतं. यंत्र लावून समुद्रात सोडलेल्या मोठ्या शार्कांवर पडद्यावरून लक्ष ठेवणं हे तिचं काम.

हा ठिपका आक्काचा. आक्का म्हणजे अकरा मीटर लांबीची व्हेल शार्क. देह बसएवढा, तोंड दारासारखं, आणि खाणं काय, तर पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव! तिच्या पाठीवरच्या परावर धाकटीनेच दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवलं होतं. पर पाण्याबाहेर आला की ते यंत्र बोलायचं, दिवसातून तीन-चार वेळा, तेही मनात आलं तर. आज मात्र ते तासभर तोंड मिटायला तयार नव्हतं. आणि शार्क काही इतकी नाकासमोर चालत नाही. बोट चालते.

कोणाची बोट, हा विचार मनात येताच तिने फोन उचलला. आक्का कुठे आहे हे कार्यालयाबाहेर सांगायचं नाही, असा इथला कडक नियम. परवा तिने तो मोडला होता. दादाला फोन करून म्हणाली होती, "खडकांच्या पलीकडे आक्का आहे. तिकडे जाळं टाकू नकोस, अडकेल बिचारी." भावाला सांगितलं तर काय बिघडतं, असं तिला वाटलं होतं. आता दादाचा फोन लागत नव्हता.

स्कूटर दामटत ती धक्क्यावर पोचली, तेव्हा दादाची बोट नुकतीच लागली होती. दादा धक्क्याच्या कडेला बसला होता. त्याच्याकडे न बघताच तिने बोटीत उडी मारली, बर्फाच्या कप्प्यांची झाकणं भराभर उघडली, पेट्या सरकवल्या. चोरून विकायला कापलेले पर शोधत होती ती, सख्ख्या भावाच्या बोटीत. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हते.

"काय शोधतेस?" दादा म्हणाला. "अकरा मीटरची बाई आहे ती. खिशात घालून आणू का?"

"यंत्र कुठाय?"

त्याने पायाशी ठेवलेली बादली पुढे सरकवली. यंत्र आत होतं, तार आभाळाकडे करून अजून बोलत होतं. त्याला पराचा हाताएवढा तुकडा चिकटलेला होता. धाकटीला रडू फुटलं.

"रडू नकोस. ती जिवंत आहे," दादा म्हणाला. "जाळ्यात गुंडाळली होती. मी पाण्यात उतरून जाळं कापलं. यंत्र दोरात अडकलं होतं, तिने जोरात हिसडा दिला आणि ते तुटून आलं. मग खाली गेली."

"पण तू तिकडे गेलासच कशाला? मी नको म्हटलं होतं ना!"

दादाने बादली पुन्हा स्वतःकडे ओढली. "ती असते तिथे बारीक मासळी खच्चून असते. पंधरा दिवस जाळी रिकामी येत होती. तू सांगितलंस म्हणूनच गेलो."

तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. उजव्या हाताला फडकं बांधलं होतं, रक्ताने भिजलेलं. मागे नवंकोरं जाळं मधोमध कापलेलं पडलं होतं.

"खरंच खाली गेली? पोहत गेली, की बुडाली?"

"पोहत. शेपटी हलत होती." आणि मग जरा हळू आवाजात, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

तिने त्याचा हात धरून फडकं नीट बांधलं.

दुपारी ती नोंदीचा कागद पुढे घेऊन बसली. यंत्र जमिनीवर सापडलं की "मृत" लिहायचं, अशी पद्धत होती. तसं लिहिलं असतं, तर कोणी काही विचारलंही नसतं. बादलीतलं यंत्र आता तिच्या टेबलावर होतं, म्हणून पडद्यावरचा ठिपकाही तिथेच लुकलुकत होता. यंत्राविना आक्का यापुढे पडद्यावर कधीच दिसणार नव्हती.

तिने लिहिलं: जिवंत. पाहणारा: माझा भाऊ.

खाली आणखी एक रकाना होता, बोट त्या जागी कशी पोचली याचा. शेजारच्या खोलीत साहेबांची खुर्ची सरकली, पावलं जवळ आली.

त्या रकान्यात तिने लिहिलं: मी सांगितलं.