बिनतुपाचा नारळीभात

नलू गद्रेला सुनेचा हेवा वाटायचा. सासूला सुनेचा हेवा वाटावा यात नवल ते काय? रूपाचा, पगाराचा, मुलगा तिचं ऐकतो याचा, कसलाही चालला असता. तसल्या हेव्याला वाडीत चार बायकांची सोबत तरी मिळते. पण नलूला हेवा वाटायचा तो सुनेच्या सोवळेपणाचा, आणि हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. कारण सून वरळी कोळीवाड्यातली. मासळी विकणाऱ्या गुणवंतीची लेक, रुचिका.

लग्न ठरलं तेव्हा नलूने एकच अट घातली होती. "माझं बाकी काही म्हणणं नाही. पण आमच्या घरात जीव दुखवून कुणी काही खात नाही. बाहेरसुद्धा नाही." विहंगने, म्हणजे नलूच्या मुलाने, कपाळाला हात लावला. रुचिका म्हणाली, "चालेल, आई. सोडते." आणि खरंच सोडलं. जिच्या घरी पहाटे पापलेटांच्या पाट्या उतरायच्या ती मुलगी गिरगावात येऊन अळूची भाजी शिकली.

ही गोष्ट नलूने मुगभाटापासून दादरपर्यंत सगळ्यांना सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, भिशीत सांगितली, दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगितली. "आम्ही काही जबरदस्ती केली नाही हो," हे वाक्य ती इतक्यांदा म्हणायची की ऐकणाऱ्याला जबरदस्तीचीच शंका यावी. पण खोटं कशाला बोला, नलूला सून आवडायची. आपण कष्टाने लावलेलं झाड आवडतं तशी आवडायची.

मग यंदाच्या संक्रांतीनंतर एका सकाळी रुचिकाने चहाचा कप बाजूला सारला.

"आई, मी दूध सोडतेय."

"सर्दी झालीय का?"

"नाही, कायमचं. दूध, दही, तूप, सगळंच. व्हीगन होतेय मी."

नलूला आधी वाटलं, वजन कमी करायचं खूळ असेल, आठ दिवसांत उतरेल. महिना झाला तरी उतरेना, तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"अगं, गाय आपली आई. दूध म्हणजे तिचा आशीर्वाद. उद्या पंचामृतात काय घालशील, सोयाबीनचं पाणी?"

"आशीर्वाद वासराला होता ना, आई? आपण मध्ये घुसलो. त्या तबेल्यांत वासरांचं काय होतं ते बघितलं मी. नाही घशाखाली उतरत."

"पिढ्यान् पिढ्या खातायत लोक."

"माझ्या माहेरी मासेपण पिढ्यान् पिढ्याच खातात," रुचिका शांतपणे म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, जीव दुखवून खायचं नाही? मला ते पटलं होतं. मी फक्त पुढचा विचार केला."

"लॉजिक बरोबर आहे तिचं," असं म्हणून नलूच्या नवऱ्याने, चिंतामणींनी, दह्याची वाटी उचलली आणि ते आतल्या खोलीत गेले. ज्या घरात दोन मतं असतात तिथे चिंतामणी तिसऱ्या खोलीत असत.

गुरूची विद्या गुरूलाच. नलूला उत्तर सुचलं नाही. रात्रभर सुचलं नाही, महिनाभर सुचलं नाही. आणि जिला उत्तर देता येत नाही तिच्यावर माया करणं फार अवघड असतं.

त्यात भर घातली नणंदेने. अनुजाच्या नातवाची मुंज दादरला होती. रुचिकाने पानात फक्त भात, बिनदह्याची कोशिंबीर आणि बटाट्याची भाजी घेतली, तीही कशात केलीय ते विचारून. मठ्ठ्याला हात लावला नाही. अनुजाने सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "वहिनी, सून तुझ्यापेक्षा सोवळी निघाली गं! आता तूच बाटलीस म्हणायची." सगळे हसले. नलूही हसली. घरी येऊन तिने इतक्या जोरात भांडी घासली की कढईचा कान निखळला.

हे सगळं एक वेळ पचलं असतं. पण पाठोपाठ विहंगने तूप सोडलं. आणि सहा वर्षांच्या अवनीने एका संध्याकाळी दुधाचा पेला पुढे ढकलून विचारलं, "आजी, हे कुणाच्या बाळाचं आहे?"

नलूचं तूप म्हणजे काय ते वाडीला विचारावं. साय साठवायची, विरजायची, घुसळायची, लोणी मंद आचेवर कढवायचं; त्याचा वास जिन्यात दोन मजले खाली जायचा आणि लोक म्हणायचे, गद्रेवहिनींकडे शनिवार दिसतोय. भातावर तुपाची धार पडली नाही तर अन्न शुद्ध होत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. आता ती धार फक्त चिंतामणींच्या भातावर पडायची, आणि त्यांना कोलेस्टेरॉल होतं.

त्याहून वाईट म्हणजे रविवार. पूर्वी रुचिका महिन्यातून एकदा माहेरी जायची आणि मासळीच्या घरात जेवायला नको म्हणून दुपारच्या आत परत यायची. आता तिघंही दर रविवारी कोळीवाड्यात जेवायला. का, तर गुणवंतीने म्हणे लेकीसाठी वेगळी शेगडी घेतली, वेगळी भांडी घेतली. आणि तिच्याकडे नारळाला काय तोटा? वाल नारळाच्या दुधात, शेवगा नारळाच्या दुधात, तांदळाची भाकरी, नारळाची खीर. नलूचं सगळं कसब दुधातलं. बासुंदी, श्रीखंड, खरवस. एका फटक्यात ते सगळं निकालात निघालं आणि गुणवंतीचं घर चालू लागलं. विहंग रविवारी रात्री ढेकर देत घरी यायचा. तो ढेकर ऐकला की नलूच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"यंदा नारळी पौर्णिमेला तुम्हीपण चला ना, आई," रुचिका म्हणाली. "आमच्याकडे त्या दिवशी मासळी नसते घरात. नैवेद्य असतो."

नलूने एरवी काहीतरी निमित्त सांगून टाळलं असतं. पण मत्सराला बघायचंही असतं. काय आहे त्या घरात एवढं? ती म्हणाली, "येते. नारळीभात मी करून आणते. तुझ्यासाठी तेलातला."

सकाळी तिने खरोखर कढईत खोबरेल घातलं होतं. लवंगा टाकल्या. तांदूळ धुऊन तयार होते. पण मग तिच्या डोळ्यांसमोर आलं ते असं : दोन नारळीभात शेजारी शेजारी, रुचिका दोन्हीतला घास घेतेय, आणि गुणवंतीच्या भाताला "वा" म्हणतेय. नलूने गॅस बंद केला. कढई मोरीत ओतली. दुसरी कढई घेतली, तुपाची बरणी उघडली आणि चमचा नाही, डाव घातला. लवंग तडतडली तेव्हा तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. एकदा तरी पोरीने माझ्या हातचं मिटक्या मारत खावं, एवढंच तिच्या मनात होतं. जायफळ जरा जास्त घातलं, वास झाकायला.

कोळीवाड्यात गल्लीला वास होता तो होताच, पण गुणवंतीचं घर लख्ख होतं. गुणवंती दंडापर्यंत हिरव्या बांगड्या घालून दारात उभी होती. "या, विहीणबाय. माज्या घरात लक्षुमी आली," ती म्हणाली. नलूने हसून डबा पुढे केला आणि आत जाताजाता कोपऱ्यातली ती वेगळी शेगडी बघून घेतली. तिच्यावर एक डागही नव्हता. देव्हाऱ्यापेक्षा स्वच्छ ठेवली होती.

पानं वाढली. पानात दोन नारळीभात होते. नलूने खाली मान घालून स्वतःचा वरणभात कालवला, पण कान रुचिकाच्या पानाकडे.

"आई!" रुचिका म्हणाली. "तुपाशिवाय इतका छान? कसा जमवलात?"

"जायफळ," नलू म्हणाली.

"आये, तुझा चांगलाच आहे गं, पण हा बघ खाऊन."

विहंगने दुसऱ्यांदा घेतला. अवनीने वाटी चाटली. नलूच्या अंगावरून मोरपीस फिरलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली. जिंकली होती ती. गुणवंतीने एक घास घेतला, चावला, गिळला आणि ती पानावरून उठली.

नारळाची मिरवणूक निघाली तसे विहंग, रुचिका आणि अवनी बघायला धक्क्यावर गेले. घरात दोघी विहिणी राहिल्या. गुणवंती भांडी आवरत होती. पाठमोरीच म्हणाली, "तूप लय चांगलं हाय तुमचं."

नलूने दाराकडे पाहिलं. आता ही सांगणार. आल्याबरोबर सांगणार आणि सगळं संपणार.

"घाबरू नका," गुणवंती तिच्यासमोर येऊन बसली. "मी कुनाला काय सांगू? मीपन केलंय."

"काय केलंत?"

"लगीन झालं त्या वर्साला. पोर माज्याकडं यायची आन् पावन्यासारकी बसायची. आये, मला केळं दे. माज्या घरात माजी पोर केळं खाते! मला तुमचा असा राग यायचा, विहीणबाय, काय सांगू. वाटायचं, त्या बामनीनीनं पोर नेली ती नेली, जीभपन नेली." ती थांबली. "मंग मसाला कुटताना मूठभर सोडे भाजून घातले त्यात. सुकी कोळंबी. बारीक कुटली, कुनाला कलनार नाय अशी. येकदा गळ घालून वाल खायला बसवली, तर पोर म्हनली, आये, काय चव आलीय! लय बरं वाटलं तवा."

नलू तिच्याकडे बघत राहिली. "आणि?"

"आन् काय. त्या मसाल्याची बरनी पोर मागून घेऊन गेली. तुमच्याकडं."

कोरड्या जिनसेला विटाळ नसतो. पीठ, मसाला, सुकं खोबरं कुणाच्याही घरचं चालतं, हा गद्र्यांच्या घरचा जुना नियम. त्या नियमाने नलूने ती बरणी घेतली होती. वर्षभर त्या मसाल्याची आमटी केली होती. चिंतामणी बोटं चाटून म्हणाले होते, नलू, आमटी हल्ली काही वेगळीच होते तुझी. अनुजानेही पाव किलो मागून नेला होता.

नलू उठून मोरीशी गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. चारचौघांत ओरडायचं होतं. आणि ओरडायला तोंड कुठे होतं?

"तवापासून एक झालं," गुणवंती मागून म्हणाली. "पोर माज्या हातचं चांगलं म्हनली का मला खरंच वाटत नाय. वाटतं, ते त्या सोड्यांनाच म्हनते. आता नारळातलं करते, मन लावून करते, तरीपन तसंच वाटतं."

बाहेर अवनीचा आवाज आला. तिघं परतली होती. रुचिका उन्हाने लाल झालेली, केसात फुलं, हसत आत आली आणि सरळ डब्याकडे वळली. "आई, तुमचा भात उरलाय ना? मी अजून थोडा घेते." तिने वाटीत भात काढला. घास उचलला.

नलू बघत होती. सुनेच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, ज्यासाठी तिने हे सगळं केलं होतं. आणि तो आनंद आपला नाही, तुपाच्या बरणीतला आहे, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने रुचिकाचं मनगट धरलं.

"नको खाऊ. तूप आहे त्यात."

रुचिकाला कळलंच नाही. "चुकून पडलं का?"

"नाही. मुद्दाम घातलं. डावभर."

विहंग म्हणाला, "आई, काय बोलतेस तू?" रुचिकाने वाटी खाली ठेवली. "का पण?"

"तू इथे जेवतेस तशी माझ्याकडे जेवत नाहीस म्हणून," नलू म्हणाली. "जळते मी. तुझ्यावर जळते, तुझ्या आईवर जळते. दर रविवारी जळते."

रुचिका मोरीवर गेली. तिने चूळ भरली, पुन्हा भरली. पदराने तोंड पुसत ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती नलूकडे बघत नव्हती. आईजवळ जाऊन तिच्या खांद्याला टेकली.

"माझी आये आयुष्यभर मासे विकत आली, आई," ती म्हणाली. "मी मासे सोडले तेव्हा तिला किती लागलं असेल. पण तिने कधी असं केलं नाही."

गुणवंतीने मान खाली घातली. तिचा हात लेकीच्या पाठीवर होता तो तिथेच थांबला. नलूच्या जिभेवर शब्द आला. एकच शब्द, सोडे. तो उच्चारला की संपलं, दोघी सारख्या. आठ वर्षांत इतका सोपा विजय तिच्या हातात कधी आला नव्हता. तिने गुणवंतीकडे पाहिलं. गुणवंती वर बघत नव्हती, काही मागत नव्हती, फक्त लेकीचा खांदा घट्ट धरून बसली होती.

"नाही," नलू म्हणाली. "त्या नाही करायच्या असं."

रुचिका आईच्या कुशीत शिरून रडायला लागली. गुणवंतीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नलू समोर उभी राहून ते बघत होती, आणि त्या क्षणी तिला गुणवंतीचा जेवढा मत्सर वाटला तेवढा जन्मात कुणाचाच वाटला नव्हता.