उघडं कार्ड

तिडके साहेबांच्या पत्राला वामनरावांनी उत्तर दिलं नव्हतं. रोज उशीखालून ते काढायचे, वाचायचे, परत ठेवायचे.

'छातीत फार जळजळतं. सोड्यानं ढेकर येतो, आराम पडत नाही. पोळीचा घास अडकतो, शौचाला डांबरासारखं काळं होतं, कपडे ढिले झालेत. तुम्ही वैद्यकाची पुस्तकं वाचता, एखादं चूर्ण कळवा. उत्तर बंद पाकिटातच पाठवा. मुलाला-सुनेला कळलं तर दवाखान्यात टाकतील.'

वैद्यकाची पुस्तकं! ती वामनरावांनी बायको, कुसुम, गेल्यावर वाचायला घेतली होती. तिलाही असंच व्हायचं. तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवायला त्यांनी रजा मागितली, तेव्हा हेच साहेब भरल्या ऑफिसात म्हणाले होते, "काहून गा वामन, बायकोच्या ढेकराले रजा देऊ? सोडा पाज तिले!" सगळे हसले. वामनराव मुकाट्यानं जागेवर जाऊन बसले आणि तिला सोडा पाजत राहिले. शेवटी नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"अजून त्या मेल्याचंच पत्र वाचून राहिला का गा दादा?" त्यांच्या बहिणीनं, शोभाताईंनी, चहा ठेवला. "लिहून टाक ना, सोडा खा म्हणा. त्याचंच औषध त्याले."

वामनरावांनी तसं लिहिलंही. पाकिटाला डिंक लावताना मात्र हात थांबला. सोडा खाऊन साहेब मरतील, पण गुपचूप. कोणाला काही कळणार नाही. त्यांनासुद्धा नाही. एवढ्यावर सुटका?

त्यांनी पाकीट फाडलं, पोस्टकार्ड घेतलं. साहेब मुलाकडे कोराडीच्या कॉलनीत राहत. तिथं सगळ्यांचं टपाल फाटकावरच्या चौकीत पडे, आणि कार्ड घरी पोचण्याआधी मजकूर पोचे. वामनरावांनी ठळक अक्षरांत लिहिलं:

'शौचाला काळं होतं म्हणजे आत रक्त जात असावं. घास अडकतो, वजन उतरतं, हे साधं पित्त नव्हे. चूर्ण नको, सोडा नको, आजच मेडिकलला जावं. सूनबाई, साहेब ऐकणार नाहीत, धरून न्या. माझ्या बायकोच्या ढेकराला साहेबांनी रजा दिली नव्हती. ती गेली.'

शोभाताईंनी वाचलं. "अगा, हे तं आख्खी कॉलनी वाचते ना!"

"वाचू दे."

"अन् बरा झाला तं?"

"व्हायलेच पायजे. मेलेल्या माणसाले शरम वाटत नाही."

शाई वाळेपर्यंत थांबलो तर आपण कच खाऊ, हे त्यांना ठाऊक होतं. ते तसेच चपला घालून निघाले आणि नंदनवन वस्तीतल्या टपालपेटीत कार्ड टाकून आले.