नहराच्या गेटाजवळचं घरटं

ब्लॉग चालवायचा तर एकच विषय धर, आणि असा धर की लोक शोधतात पण लिहिणारं कोणी नाही, असं सडक अर्जुनीच्या मुन्नानं लोकेशला सांगितलं. मुन्नाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. लोकेश मग एकेक विषय धरत गेला आणि सोडत गेला. मोबाईलबद्दल लिहिलं, तर तिथं आधीच जत्रा भरलेली. मग कळलं की कर्जाच्या जाहिरातींना सगळ्यात जास्त भाव आहे. ज्यानं जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती, त्यानं अख्ख्या महाराष्ट्राला घरकर्ज कसं घ्यावं ते शिकवलं. वाचलं कोणीच नाही, हे महाराष्ट्राचं नशीब.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वडिलांनी, सेवकरामनी, त्याला पोळ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर त्या कॉम्प्युटरमधून काही निघालं तर ठीक, नाहीतर नागपूरला मामाच्या ओळखीनं गोदामावर वॉचमन. वॉचमनकीची लोकेशला लाज नव्हती. एकदा गेलो की आपण पुन्हा कधी लिहिणार नाही, याची मात्र त्याला फार भीती वाटायची.

विषय सापडला तो शेतात. रुक्माबाई म्हणजे त्याच्या थोरल्या काकांची बायको. तिला तो मोठी माय म्हणे. तिच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. लाल मुंडीचे, माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच पक्षी. त्यांच्यासाठी बाईनं तो कोपरा निंदायचाच सोडून दिला होता. फोटो काढू का, असं लोकेशनं विचारलं.

"फोटू काढ," ती म्हणाली. "पन जागा कोनाले सांगू नोको. मांगं पोट्ट्यायनं अंडे नेले, तं थे जोडी लय साल आलीच नाही."

लोकेशनं शब्द दिला, आणि मुन्नाचा कॅमेरा घेऊन तो रोज बांधावर जाऊन बसू लागला. एक पक्षी ओरडला की दुसरा त्याच दमात साथ देतो, दोघं पाळीपाळीनं अंड्यांवर बसतात, असं सगळं त्यानं लिहून काढलं. या वेळी ब्लॉग चालला. नागपूर-पुण्याचे लोक वाचू लागले, जाहिरातींचे पैसे थोडेथोडे जमू लागले. सेवकरामनी एकदा आपण होऊन फोटो दाखव म्हटलं, तेव्हा लोकेशला रडूच यायचं बाकी होतं.

पण प्रत्येक लेखाखाली एकच प्रश्न यायचा, जागा कुठली? मुन्नाचाही तोच धोशा होता. जागा सांग, येणाऱ्यांना फिरव, खरा पैसा तिथंच आहे, असं तो रोज ऐकवायचा. लोकेश आज-उद्या करत राहिला. वाचणारे रुसून कमी होऊ लागले आणि पोळा जवळ येऊ लागला. शेवटी त्यांना धरून ठेवायला त्यानं आपला सगळ्यात चांगला फोटो टाकला. मादी घरट्यावर, शेजारी नर पंख पसरून उभा. वाचणाऱ्यांची झुंबड उडाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी खाली लिहिलं, जागा सापडली, आभार. लोकेशनं फोटो मोठा करून पाहिला. पसरलेल्या पंखांमागं नहराचं, म्हणजे कालव्याचं, गेट होतं, आणि गेटावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव ठळक लिहिलेलं होतं. त्यानं फोटो काढून टाकला आणि सायकल हाणत शेत गाठलं.

गाडी आधीच गेटाशी उभी होती. गळ्यात कॅमेरे अडकवलेले तिघे जण, आणि त्यांच्यासमोर हातात विळा घेऊन मोठी माय. एकानं मोबाईलवरचा फोटो लोकेशपुढे धरून घरटं कुठे म्हणून विचारलं. घरटं लोकेशच्या पाठीमागच्याच बांधीत, उंच धानात होतं.

"मांगच्या सालचा हाय जी थो फोटू," लोकेश म्हणाला. "आता कायचे सारस?"

तेवढ्यात तलावाच्या पाळीपलीकडून नराची हाक आली, मोठी आणि लांबलचक. आता घरट्यातून मादीनं साथ दिली की संपलं. मोठी माय जमिनीकडे पाहत उभी होती. धान हललं नाही.

"ये क्या था?" त्या माणसानं विचारलं. लोकेशनं इतकं जीव ओतून लिहिलेलं त्यानं वाचलंच नव्हतं. नुसता फोटो पाहिला होता.

"हायवे हाय ना तिकडं. टरकवाले हॉरन मारून राहिले."

तिघं चिडले. ब्लॉगवाला अव्वल फेकू निघाला, त्याचा खोटेपणा आता सगळ्यांना सांगतो, असं एक जण म्हणाला.

"सांगा जी," लोकेश म्हणाला. "लय खोटा मानूस हाय थो."

गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मोठ्या मायनं विळा कमरेला खोचला आणि जवळ येऊन विचारलं, आता तुह्या लिवन्याचं कसं?

"नागपूरले जातो," तो म्हणाला. "पिल्लं निंगाले का मामाच्या फोनवर सांगजो."