शंभर वॉटचा सूड

"श्रीपाद गुप्तेचा सूड घेतल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही," अशी घोर प्रतिज्ञा श्यामकांत टिपणिसांनी एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, संध्याकाळी पावणेसातला, अंबरनाथ-बदलापूर रस्त्याच्या कडेला उभं राहून केली. प्रतिज्ञा तशी अवघड नव्हती. उजव्या पायातली चप्पल त्या वेळी म्हशीवाल्या नाथाच्या उकिरड्यात खोल रुतलेली होती आणि काही केल्या निघत नव्हती. शिवाय दुसऱ्या दिवशी ऑफिसला बूटच घालायचे होते.

टिपणीस अंबरनाथला, मोरिवलीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते आणि राहायला बदलापूरला, बेलवलीत. गुप्त्यांचं नेमकं उलटं. घर अंबरनाथला, नोकरी बदलापूरला. पूर्वी दोघे एकाच ऑफिसात समोरासमोर बसत. मग गुप्ते जास्त पगारावर दुसरीकडे गेले, त्यांनी मारुती घेतली, आणि आता दोघे रोज संध्याकाळी समोरासमोर येत ते रस्त्यावर. टिपणिसांची जुनी फियाट समोर गाडी दिसली की डिपर मारून दिवे खाली करी, नजर खाली घातल्यासारखे. गुप्त्यांची मारुती मात्र फुल लाइट टाकून सरळ डोळ्यांत बघत यायची. टिपणिसांनी सहा महिने सोसलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी मुंबईच्या हेड ऑफिसचे साहेब बसले होते. टिपणिसांकडे जेवायला निघाले होते. वाटेत प्रमोशनचा विषय निघालाही होता. "तुमच्याबद्दल माझं मत असं आहे, टिपणीस," एवढं साहेब बोलले, आणि वळणावरून मारुती आली. टिपणिसांच्या डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. त्यांनी गाडी डावीकडे घेतली. डावीकडे नाथाचा उकिरडा होता.

गोठ्यातून नाथा सावकाश बाहेर आला. त्याने गाडीकडे बघितलं, साहेबांच्या सफारीकडे बघितलं.

"रस्ता तिकरं हाय, सायेब," तो म्हणाला. "हितं म्हशी ऱ्हातान."

साहेब मिळेल त्या टेंपोत बसून परत गेले. त्यांचं मत काय होतं ते टिपणिसांना पुढे कधीच कळलं नाही. दणक्याने फियाटच्या डाव्या दिव्याचा बल्ब तेवढा उडाला होता.

"एक बल्ब गेलाय ना? मग एक बल्ब आणा," मालिनीबाई म्हणाल्या. नवऱ्याला त्या चोवीस वर्षं ओळखत होत्या. "सूड कशाला आणताय?"

टिपणीस शनिवारी उल्हासनगरला टेकचंद शेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. टेकचंद शेठने काउंटरवर तीन बल्ब मांडले, सोनाराने अंगठ्या मांडाव्यात तसे.

"ये पैंतालीस-चालीस, तुम्हारा पुराना वाला. गरीब बल्ब है, किसी को त्रास नहीं देता. ये साठ-पचपन, हॅलोजन. रस्ता एकदम साफ."

"आणि तो?"

"वो सौ-नब्बे." शेठने आवाज खाली आणला. "वो पोलीस को पसंद नहीं है."

पहिला आकडा फुल लाइटचा, दुसरा डिपरचा. दुसऱ्या आकड्यात टिपणिसांना रस नव्हता.

"एक बात बताओ, साईं," शेठ म्हणाला. "तुमको रस्ता देखना है, कि किसी को दिखाना है?"

"दाखवायचंय."

"फिर सौ ही लो. जोडी लो, एक डोळा मोठा एक बारीक बरा दिसत नाही. साथ में रिले लो, नहीं तो तुम्हारी वायर पिघल के हाथ में आएगी. और कांच को उंगली नहीं लगाना. जरा भी तेल लगा तो गरम होके फटेगा. बाद में मेरे पास रोते हुए नहीं आने का."

क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती, पण टिपणिसांनी ते वहीत लिहून घेतलं.

नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे, हा टिपणिसांच्या आईचा, माईंचा कायदा होता. मिक्सर, प्रेशर कुकर, नातवाचं कंपासपेटीतलं कर्कटकसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं. दोन्ही खोकी रात्रभर देव्हाऱ्यापुढे राहिली. टिपणिसांनी हरकत घेतली नाही. शस्त्रं आहेत, पूजा झालेली बरी, असं त्यांना मनातून वाटलं.

रविवारी त्यांनी कंपनीतून आणलेले पांढरे हातमोजे चढवले. दिव्याभोवतीची चकचकीत रिंग काढली, दिवा बाहेर ओढला, मागचा प्लग उपसला, स्प्रिंग बाजूला केली आणि जुना बल्ब काढला. नवा बल्ब खोक्यातून उचलताना तर त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. काचेला बोट लागलं नाही. रिले बसवायला दुपारचे चार वाजले. मग शेजारच्या सबनिसांच्या मारुतीत बसून त्यांनी टेपने मोजलं. मारुती चालवणाऱ्याचा डोळा जमिनीपासून किती उंच येतो, ते. तेवढ्या उंचीवर सोसायटीच्या भिंतीवर खडूने दोन गोल काढले आणि दिव्यांचे स्क्रू पिळून उजेड बरोबर त्या गोलांवर आणला. दोन सेकंद लावून बघितला. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं मूल उठलं. टिपणीस समाधानाने हसले.

सोमवारी सकाळी माई त्यांच्याबरोबर अंबरनाथला लेकीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांना घेऊन टिपणीस निघाले आणि नाथाच्या गोठ्यापाशी, वळणाच्या अलीकडे, त्यांनी गाडी कडेला घेतली.

"का रे थांबलास?" माईंनी विचारलं.

"इंजिन गरम झालंय."

"मग ते चालू का ठेवलंयस?"

टिपणीस वळणाकडे डोळे लावून बसले. त्यांच्या मनात पुढचं सगळं चित्र तयार होतं. गुप्ते डोळ्यांवर हात घेतील. स्टिअरिंग गरागरा फिरवतील, रस्ता ओलांडून सरळ उकिरड्यात. उकिरडा नाथाने कालच नव्याने भरला होता. टिपणिसांनी जाता-येता दोनदा खात्री करून घेतली होती. मग आपण सावकाश खाली उतरायचं आणि नाथाच्या आधी आपण म्हणायचं, रस्ता तिकडे आहे, गुप्ते.

पावणेसातला वळणावर उजेड आला. तोच तो, उद्धट, वर मान केलेला. टिपणिसांनी त्याला पुरता समोर येऊ दिला आणि फुल लाइटचा खटका ओढला.

असा उजेड त्या रस्त्याने पाहिलेला नव्हता. झाडाचं पान न् पान दिसलं. मारुतीच्या काचेमागे गुप्त्यांचा चष्मा दिसला, मिशी दिसली, उघडं राहिलेलं तोंड दिसलं. म्हशी उठून उभ्या राहिल्या. टिपणिसांचे सहा महिने वसूल झाले. मारुती डगमगली. उकिरड्याच्या दिशेला हातभर वळली.

टप्.

आणि लगेच दुसरं टप्.

फियाटपुढे काळोख झाला. मारुती सरळ झाली, जागच्या जागी थांबली.

"गेले का रे दोन्ही?" माई अंधारातून म्हणाल्या. "आता गं बाई. देवाचं करूनसुद्धा गेले?"

"काय केलंत देवाचं?"

"काही नाही रे. खोक्याला कुंकू लावून काय उपयोग, म्हणून आतून काढून लावलं. नुसतं राहीना काचेवर, म्हणून तेलाचं बोट लावून मग लावलं. नंतर म्हटलं, तुला डाग चालायचा नाही, तू ओरडशील. मग पदराने स्वच्छ पुसून होतं तसं ठेवलं."

हातमोजे डॅशबोर्डवर पडले होते. ते टिपणिसांनी घडी घालून खिशात ठेवले.

मारुतीचं दार वाजलं. गुप्ते डोळे चोळत, चाचपडत आले आणि खिडकीशी वाकले.

"टिपणीस? अहो, तुम्ही? तरी म्हटलं, एवढा उजेड कुणाचा. माई, नमस्कार."

"बरा आहेस ना, श्रीपाद?" माई म्हणाल्या.

"बरा आहे, माई. यांची मात्र रोज काळजी वाटते मला." गुप्ते टिपणिसांकडे वळले. "तुमचे दिवे इतके मिणमिणते, की समोरून गाडी येत्येय की कुणी कंदील घेऊन चाललंय, कळत नाही बघा. एखाद दिवशी मारुती तुमच्यावर घालीन अशी भीती. म्हणून तुम्ही आलात की मी मुद्दाम फुल लाइट ठेवतो. तरीसुद्धा मला धड दिसत नाही. साठवालेच आहेत ना माझे."

टिपणिसांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं.

"हे कितीचे होते? शंभरचे?" गुप्त्यांनी विचारलं. "वाटलंच. उल्हासनगरला जाणं झालं, तर माझ्यासाठीही एक जोडी घेऊन या ना."