आवाजाचं बटण

ईटच्या बाजारात बिभीषणचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. आत दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक ग्रामोफोन, एक माईक आणि मोटारीच्या दोन जुन्या बॅटऱ्या. लग्न असो, जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, आसपासच्या वीसेक गावांत कर्णे लागायचे ते बिभीषणचेच. पुढं पुढं लोक त्यालाच विचारू लागले, "कर्णे आणतोस, तसं एखादी गाणारी पार्टीबी आण की." मग तो पार्ट्याही ठरवू लागला. कुणाला कुठं न्यायचं, कोणत्या गावात भजन चालतं, कोणत्या गावात कव्वाली, कुठं लोक उठून जातात आणि कुठं बसून राहतात, हे त्याला तोंडपाठ होतं.

भिमाबाई त्याला सापडली ती बहात्तरच्या दुष्काळात. दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. हजार-दोन हजार माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला यायची. बिभीषण तिथं कुणाच्या तरी सभेचे कर्णे बांधायला गेला होता. बाभळीवर चढून तार ओढत असताना त्याला खालून आवाज आला. खडी फोडणाऱ्या बायांच्या ओळीत एक बाई गात होती. हातोडीचा घाव आणि गाण्याचा ठेका एकच होता. तो तसाच फांदीवर बसून राहिला.

भिमाबाई बौद्धवाड्यातली. छप्पन्नला दीक्षा घेतली तेव्हा ती लग्नाच्या वयाची होती आणि वाड्यात येणाऱ्या जलशांमधली गाणी ऐकत वाढली होती. तिचा नवरा व्यंकट ढोलकी वाजवायचा. अणदूरकडचा पंचाक्षरी पेटीवाला बिभीषणच्या ओळखीचा होता, त्याला बोलावून घेतलं आणि पार्टी उभी राहिली. बिभीषण तिला 'भिमाक्का' म्हणायचा आणि ती त्याला 'भाऊ'. नुसतं म्हणायची नाही, मानायचीही. पहिल्यांदा माईकपुढं उभी राहिली तेव्हा स्वतःचाच आवाज लांबच्या टेकडीवरून परत आलेला ऐकून ती घाबरून थांबली होती. तेव्हा बिभीषण म्हणाला होता, "गा तुमी बिनघोर. यंत्र माझ्या हातात हाय."

ती दुसऱ्यांची गाणी गायची. पण खडी फोडता फोडता तिनं एक स्वतःचंही जोडलं. लिहितावाचता येत नव्हतं, सगळं तोंडी. तळ्यावरच्या बायांना ते पाठ व्हायच्या आत तिनं बिभीषणला ऐकवलं. तो ऐकून हसला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "अक्का, हे उद्घाटनाला म्हणायचं."

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तळ्याचा बांध पुरा झाला. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. सगळा थाट आबारावांचा. आबाराव म्हणजे तिथल्या दूध सोसायटीचे चेअरमन. मजुरांची टोळी तेच लावायचे आणि पाण्याचा टँकरही त्यांच्याच सांगण्यावरून फिरायचा. त्यांची मोसंबीची बाग टँकरच्या वाटेवर होती. टँकर तळ्यावर अर्धाच का पोचतो, हे प्रत्येक मजुराला ठाऊक होतं. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

सकाळचे दहा वाजले होते. मांडवात खुर्च्यांवर पाहुणे आणि साहेब मंडळी, मागं उन्हात बांधाच्या उतारावर मजूर. बिभीषण व्यासपीठाच्या कडेला यंत्राजवळ बसला होता. कर्णे बाभळीवर, तोंडं मजुरांकडं. आधी स्वागतगीत झालं. मग भिमाबाई पदर खोचून पुढं आली आणि तिनं आपलं गाणं धरलं.

"टँकर आला, टँकर आला, धुरळा उडवीत आला गं,
वाटेवरल्या बागेमंदी अर्धा रिता झाला गं."

बांधावरून हसण्याचा एकच लोंढा आला. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एका म्हाताऱ्यानं पटका काढून हवेत उडवला. बिभीषणला वाटलं, असं गाणं या मुलखात कुणी ऐकलं नसेल. आणि तेवढ्यात आबारावांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

नुसतं बघितलं. भुवई उडवली नाही, हात हलवला नाही. दोन क्षण बघितलं आणि मान परत पाहुण्यांकडं वळवली.

बिभीषणचा हात आवाजाच्या बटणावर होताच. तो हात फिरू लागला. एकदम नाही. लग्नात वरात मांडवात शिरताना तबकडीचा आवाज जसा तो हळूहळू उतरवायचा, कुणाला कळूही न देता, अगदी तसा. दुसऱ्या कडव्याच्या निम्म्यावर कर्णे मुके झाले होते.

व्यासपीठावर भिमाबाईला पेटी ऐकू येत होती, ढोलकी ऐकू येत होती, आपला गळा ऐकू येत होता. तिला काय कळणार? तिला समोर दिसत होतं ते एवढंच, की आत्ता हसणारी माणसं गप्प झाली. मग आपसात कुजबुजू लागली. कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी पाठ करून बसलं. तिचे डोळे बांधावर इकडून तिकडं फिरले. तिसरं कडवं तिनं म्हटलंच नाही. घाईनं हात जोडले आणि ती खाली उतरली. ती उतरताच बिभीषणनं बटण परत चढवलं, कारण भाषण होतं.

भाषणं संपल्यावर ती यंत्राजवळ आली. घामानं कपाळ थबथबलं होतं.

"भाऊ, गाणं पडलं व्हय हो?"

तेव्हा तरी तो सांगू शकत होता. बॅटरी बसली म्हणाला असता, तर खोटं असूनही ती मोकळी झाली असती. पण बॅटरी बसली म्हणावं तर भाषण सगळ्यांनी खणखणीत ऐकलेलं. तार गुंडाळत तो म्हणाला, "नवं गाणं हाय अक्का. लोकांना जुनीच आवडत्यात."

"पहिल्यांदा हासले की."

"हासले," तो म्हणाला, आणि तार गुंडाळत राहिला.

भिमाबाईनं मान हलवली. "म्हंजी गाण्याला न्हाय, मला हासले," ती म्हणाली आणि व्यंकटच्या मागं चालू लागली.

त्यानंतर सोसायटीच्या सगळ्या सभांना बिभीषणचे कर्णे लागले आणि सभेआधी भिमाबाईची गाणीही. आबारावांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. एकदाच, पानाला चुना लावत म्हणाले होते, "तुला सांगावं लागत न्हाय बघ बिभीषण, हे लई बरं हाय." ते वाक्य त्याला झोंबलं होतं, तरी तो हसला होता.

आठ वर्षं गेली. पार्टी चालूच होती. भूम, परांडा, येडशीपर्यंत नाव झालं. जयंतीला भिमाबाई हवीच, बारशाला हवीच. पण ती गायची ते सगळं दुसऱ्यांचं. बिभीषणनं ते मनावर घेतलं नव्हतं, किंवा घ्यायचं टाळलं होतं.

एक्याऐंशीच्या जानेवारीत एका कार्यक्रमाआधी सगळे जेवायला बसले होते. पार्टीत हरणाबाई नावाची नवी गाणारी आली होती. तिनं सहज विचारलं, "भिमामावशी, तुमी एवढं गाता, सोताचं का न्हाय जोडत?"

"जोडलं होतं की एक," भिमाबाई भाकरी मोडत म्हणाली. "तळ्यावर म्हटलं. दोन हजार माणसांनी पाठ फिरवली. त्या दिशी कळलं बाई, आपलं काम लोकांचं गायचं. जोडायला अक्कल लागती." आणि ती हसली. कडवट नाही, अगदी मोकळं हसली. आपल्याच वेडेपणाची गोष्ट सांगावी, तशी.

पंचाक्षरीही हसला. बिभीषणनं ताट सरकवलं. तो उठून हात धुवायला गेला आणि धुतलेल्या हातांवर किती तरी वेळ पाणी ओतत राहिला. त्याला आत्तापर्यंत वाटत होतं, आपण एका गाण्याचा आवाज बारीक केला. बाईची अक्कलच आपण काढून घेतली, हे त्याला त्या दिवशी समजलं.

तरी सांगायला त्याला आणखी दोन महिने लागले. सायकल काढायची, बौद्धवाड्याच्या वळणापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. शेवटी एका दुपारी तो गेला. भिमाबाई अंगणात हुलगे निवडत होती. व्यंकट कामावर गेला होता. तिनं तांब्या पुढं केला. आधी सांगायचं होतं, म्हणून त्यानं तो घेतला नाही.

"अक्का, तळ्यावर त्या दिशी गाणं पडलं न्हाय. म्या आवाज बंद केला हुता."

तिचे हात थांबले. "म्हंजी?"

"बटण उतरवलं. दुसऱ्या कडव्याला. मागं कुणाला काय ऐकूच गेलं न्हाय."

"आबारावानं सांगितलं?"

"सांगितलं बी न्हाय," बिभीषण म्हणाला. हे सांगणं सगळ्यात जड होतं. "नुसतं बघितलं माझ्याकडं."

तिनं हातातले हुलगे सुपात टाकले. मग तिनं विचारलं, "एकदम उतरवलं का हळूहळू?"

"हळूहळू."

"म्हणून कळलं न्हाय," ती म्हणाली. एखाद्या कामातली खोच समजावी, तसा तिचा स्वर होता. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि तिचा चेहरा बदलला. "आट वर्सं म्या त्या बायांवर रुसले. ती मालन, माझ्या शेजारी खडी फोडायची. एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले आमी. ती लेकीच्या लग्नाला बोलवायला आली, म्या दारातनंच न्हाय म्हणलं. मला वाटायचं, हिनं बी पाठ फिरवली." ती उठली आणि डोक्यावर पदर घेतला. "चला."

"कुठं?"

"मालनकडं. मला सांगितलं तसंच तिला सांगा."

मालनबाईचं घर धनगरवस्तीवर, अर्ध्या कोसावर. भिमाबाई पुढं, बिभीषण मागं सायकल हातात धरून. मालनबाई मेंढरांच्या वाड्यापाशी होती. भिमाबाईला येताना बघून ती गडबडली, पुढं यावं की नाही तिला समजेना.

बिभीषणनं परत सांगितलं. पहिल्यापेक्षा हे अवघड गेलं, कारण दोघी त्याच्याकडं बघत होत्या. मालनबाईनं तोंडावर पदर धरून सगळं ऐकलं. मग ती त्याच्याशी नाही, भिमाबाईशी बोलली.

"अगं, आमाला लांबनं दिसायचं तुझं तोंड हलतंय, पर आवाज न्हाय. आमाला वाटलं, आबारावाला बघून तू भ्यालीस. गळ्यातल्या गळ्यात म्हणायलीस. मंग तू ह्याच्यासंगं सोसायटीच्या सभांला बी गायला लागलीस. बाया म्हणल्या, भिमा गेली त्यांच्यात." तिनं तोंडावरचा पदर सोडला. "म्या बी म्हणलं गं. म्या बी तेच म्हणलं."

भिमाबाई खाली बसली आणि मालनबाई तिच्यापाशी. कुणी रडलं नाही. बिभीषण तिथंच उभा होता. त्यानं आवाज एकदाच बंद केला होता, पण भिमाबाईला बाया दिसल्या त्या पाठमोऱ्या आणि बायांना भिमाबाई दिसली ती विकलेली. त्याला बस म्हणावं असं दोघींपैकी कुणालाही वाटलं नाही. थोड्या वेळानं तो निघाला. वस्तीची कुत्री त्याच्या मागं भुंकत सडकेपर्यंत आली.

त्याला वाटलं, पार्टी मोडली. पण जयंतीच्या आधी आठ दिवस व्यंकट दुकानात आला. दारातच उभा राहिला.

"वाड्यातल्या पंचांनी कर्णे तुझेच सांगितलेत," तो म्हणाला. "भिमी गाणार हाय. पर तिची एक अट हाय. यंत्राजवळ तू बसायचं न्हाय. मालनबाई बसंल. बटण कसं फिरवायचं, तेवढं तिला दाखव."

बिभीषण "व्हय" म्हणाला.

जयंतीच्या दिवशी ऊन कलल्यावर वाड्यापुढच्या चौकात सतरंज्या पडल्या. बिभीषणनं कर्णे लिंबावर बांधले, तारा जोडल्या आणि मालनबाईला बटण दाखवलं. मेंढरं राखून खरखरीत झालेल्या तिच्या बोटांनी ते धरलं आणि विचारलं, "इकडं फिरवलं की वाढतंय न्हवं?"

"व्हय."

"आन् इकडं?"

"तिकडं फिरवू नका," तो म्हणाला.

चौकात पाच-सहाशे माणसं होती. तळ्यावर राबलेल्या बायांपैकी दहा-बारा जणी आल्या होत्या. बाकीच्या कुठं पुण्याला, कुठं ऊसतोडीला गेलेल्या, दोघी-तिघी वारल्या होत्या. 'कर्णेवाला यंत्र सोडून तिकडं का बसलाय', असं कुणी तरी मोठ्यानं विचारलं. बिभीषण कडेला बैलगाडीच्या जुवाला टेकून बसला होता. आता भिमाबाई सांगेल, असं त्याला वाटलं. माईकवर सांगेल, नाव घेऊन सांगेल. त्याची तयारी होती. सांगितलं तर बरंच होईल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

भिमाबाईनं काहीच सांगितलं नाही. तिनं पंचाक्षरीला सूर मागितला आणि सुरुवात केली. टँकर आला. बाग आली. लोक हसले. आबारावांचा सोसायटीतला माणूस गर्दीत होता, तोही हसला. आता त्या गाण्यात कुणाला भीती वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या दिवशी ते बोचलं असतं, तो दिवस आठ वर्षं मागं पडला होता. पुढचं कडवं आलं आणि आवाज तसाच चौकभर भरून राहिला.

"मोसंबीची झाडं ओली, आमची घागर कोरडी गं,
पाण्यासाठी रांगंत उभी सासू, सून अन् पोरगी गं."

मग तिनं तळ्यावर न म्हटलेलं तिसरं कडवं म्हटलं. बिभीषणही ते विसरून गेला होता.

"खडी फोडून हात फुटले, तळं आमी बांधलं गं,
तळ्यामंदी पाणी येता नाव कुणाचं लागलं गं."

बायांमधून कुणी तरी "पुन्यांदा!" म्हणून ओरडलं. मालनबाई बटण घट्ट धरून ताठ बसली होती, जणू कुणी ते तिच्या हातातून हिसकावून घेणार होतं. भिमाबाईनं कडवं परत घेतलं. गाताना तिची नजर सगळ्या चौकावरून फिरली, लिंबावरच्या कर्ण्यांवरून फिरली. बिभीषण बसला होता तिकडंही ती आली आणि न थांबता पुढं गेली.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं कर्णे उतरवले. एरवी भिमाबाई 'येते भाऊ' म्हणून जायची. त्या दिवशी ती बायांच्या घोळक्यात होती. तो तार गुंडाळत मुद्दाम रेंगाळला. घोळका बोलत बोलत वाड्यात गेला. मग त्यानं यंत्र गाडीवर चढवलं आणि बैलांना हाक दिली.