मुठीखालची गाठ

मित्रांनो, इंदूरच्या सुदामा नगरात दीड खोलीचं एक घर आहे. त्या घराच्या दारामागे खिळ्याला हॉकीची एक जुनी काठी टांगलेली आहे. ती मीच. माझी टाच झिजली आहे, पोटाला एक लांब चीर आहे आणि मुठीवरची पट्टी किती वेळा बदलली हे आता माझ्याही लक्षात नाही. घरी पाहुणे आले की मला हातात घेऊन विचारतात, हिने किती गोल केले? गोलांचं मी हौसेने सांगितलं असतं. पण सांगण्यासारखी जी खरी गोष्ट आहे, ती सांगताना मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

माझा जन्म जालंधरचा. तुतीचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलं, वर वेताची मूठ बसवली, दोऱ्याने करकचून बांधली आणि इंदूरच्या एका कापड मिलच्या संघाकडे मला पाठवलं. तिथे मी शंकररावांच्या हाती आले. ते मिलच्या विणकाम खात्यात होते. दिवसभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे आणि संध्याकाळी मिलच्या मैदानावर बचावफळीत. त्यांचे वडील महूला फौजेत होते, हॉकी तिथूनच घरात आली होती. सामना असला की मिलचे लोक रिकामे डबे घेऊन थेट मैदानावर यायचे. ‘शंकर भिया, जाने मत देना!’ असा आरडाओरडा व्हायचा. मला वाटायचं, हा सगळा जयजयकार माझाच आहे. फार चढून गेले होते मी.

मग मिल रडतखडत चालू लागली आणि एक दिवस बंदच पडली. सकाळचा भोंगा वाजला नाही, तरी शंकरराव सवयीने डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले. पुढे त्यांना एका नव्या शोरूमवर चौकीदारी मिळाली. तिथे काचेमागे रंगीत टीव्ही आणि परदेशी बूट असत, आणि शंकरराव काचेच्या बाहेर. माझं काय झालं म्हणता? त्यांच्या पत्नीने, कांताबाईंनी, मला मोरीत नेलं आणि मला घेऊन गोधड्या धोपटायला सुरुवात केली. पोटावरची चीर तेव्हाची आहे. साबणाच्या पाण्यात भिजत मी मिलच्या मैदानाची आठवण काढायचे आणि स्वतःचीच कीव करायचे.

मला तिथून सोडवलं प्रीतीने. ती त्यांची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. शाळेत हॉकीचा संघ निघाला होता.

“आई, बाबांची स्टिक मोरीत? काय करते यार तू!” असं म्हणून तिने मला फ्रॉकला पुसलं.

कांताबाई ओशाळल्या. त्यांनी मला सावलीत वाळवलं, जवसाचं तेल चोळलं आणि मुठीवर नवी पट्टी गुंडाळली. ते काम त्यांनी कायमचं आपल्याकडे घेतलं. पट्टी कितपत ताणायची ते त्यांच्या हातालाच कळायचं. गाठी तर त्यांच्यासारख्या कोणाला येत नसत. साच्यावर धागा तुटला की विणकर एक बारीक, चपटी गाठ मारतो. ती शंकररावांनी लग्नानंतर त्यांना शिकवली होती. कांताबाईंच्या घरात सगळं त्याच गाठीने बांधलेलं असे. प्रीतीला मात्र साधी बुटाची लेससुद्धा धड बांधता यायची नाही. सामन्याआधी आईच वाकून ती बांधून द्यायची.

रोज संध्याकाळी तेल लावताना कांताबाई माझ्याशी बोलायच्या. घरात ऐकायला दुसरं कोण होतं? शंकरराव दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

“पोरगी दिवसभर धावते आणि ताटात काय, तर पोळी आणि तिखट,” त्या म्हणायच्या. “त्या स्पोर्ट्स होस्टेलमध्ये दूध मिळतं, अंडी मिळतात, शाळा पण तिथेच. एकदा नंबर लागला ना तिचा, की मी सुटले. सुटले म्हणजे... तू समजून घे बाई.”

आता त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हे बौद्ध कुटुंब. दर रविवारी कांताबाई पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायच्या. महिला मंडळाच्या त्या प्रमुख होत्या आणि मोठ्या कडक होत्या. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्यांना झोपेत विचारल्या तरी येत. त्यांच्याच मंडळात शारदा नावाची एक बाई होती. तिचा नवरा पण त्याच मिलमध्ये विणकर होता. मिल बंद पडल्यावर त्याने अंथरूण धरलं आणि घाबरून शारदा मंगळवारचा उपास करू लागली. ही बातमी कांताबाईंपर्यंत आली. त्यांनी भर सभेत शारदाला उभं केलं.

“देव न मानायची प्रतिज्ञा घेतली आहे ना तू? मग हा उपास कोणासाठी? म्हण परत सगळ्यांसमोर.”

शारदाने पदराने नाक पुसत पुसत सगळं परत म्हटलं. घरी येऊन कांताबाईंनी मला तेल लावताना हे मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

प्रीती चौदा वर्षांची झाली आणि होस्टेलच्या निवडीचा सामना ठरला. समोरच्या संघातल्या मुलींकडे नव्या, चकचकीत काठ्या होत्या. कांताबाईंनी सरावाच्या वेळी त्या पाहिल्या आणि त्यांचा धीर सुटला. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्या डोक्यावरून पदर घेऊन अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत गेल्या. आत गेल्या नाहीत. बाहेरच्या दुकानातून लाल धागा घेतला, कुंकू लावलेली सुपारी घेतली, रस्त्यावरूनच हात जोडले आणि पोरीचा नंबर लागू दे म्हणून बोलून आल्या. घरी येऊन त्यांनी माझ्या मुठीची पट्टी सोडली, टोकाशी ती सुपारी ठेवली, वरून लाल धाग्याचे वेढे दिले, गाठ मारली आणि पुन्हा पट्टी गुंडाळून टाकली. देवीने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. भीती त्यांच्याच पोटातली होती.

“आई, मूठ जाड वाटते आहे गं,” दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीती म्हणाली.

“पट्टी नवी आहे. खेळता खेळता बसेल,” कांताबाई म्हणाल्या.

मित्रांनो, एक नियम त्या घरात कोणालाच आठवला नाही. मोठ्या सामन्याआधी पंच काठी तपासतात. त्यांच्याकडे एक कडी असते आणि काठी त्या कडीतून पार जावी लागते. शाळेच्या सामन्यांत हे कोणी करत नसे. इथे मात्र पंचांनी एकेक काठी घेतली. चकचकीत काठ्या सर्रकन गेल्या. मी वरच्या टोकालाच अडकले.

“ये क्या फँसा है? ग्रिप खोलो बेटा,” पंच म्हणाले.

प्रीतीने पट्टी सोडली. लाल धागा उघडा पडला. तिने तो ओढून काढला, तशी सुपारी गवतावर पडली. मैदानाच्या कडेला विहारातली माणसं बसली होती, मुलीचं कौतुक करायला म्हणून मुद्दाम आलेली. सगळ्यांत पुढे चिंतामणकाका होते, विहाराचे वडीलधारे, फौजेतून निवृत्त झालेले. शारदाही होती, आणि तिच्या मागेच कांताबाई आणि शंकरराव. धागा वाऱ्याने तिच्या पायाशी गेला. तिने तो उचलला, क्षणभर पाहिला आणि मुठीत धरून बसली.

“किसने बाँधा ये?” पंचांनी विचारलं.

प्रीतीने आईकडे पाहिलं. एकदाच पाहिलं.

“मैंने बाँधा, सर.”

मग तिने घाईघाईने पट्टी स्वतःच गुंडाळली. वाकडीतिकडी, सैल. जी मूठ कांताबाई रोज गुंडाळून द्यायच्या, ती त्या दिवशी गुंडाळायला त्या जागच्या उठल्या नाहीत. प्रीती पूर्ण सामना सुटत्या पट्टीने खेळली. तळहात सोलून निघाला, पण तिने डाव्या बाजूने एकीलाही पुढे जाऊ दिलं नाही. संघ एका गोलाने हरला आणि तरी प्रीतीची निवड झाली. कांताबाईंच्या मनासारखं झालं होतं. घरी परतताना त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि त्या हातांना घाम फुटला होता.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मुलांची वंदना प्रीतीने म्हणवून घ्यायची असं ठरलं होतं. त्रिशरण आणि पंचशील ती तीन महिने पाठ करत होती. रविवारी चिंतामणकाकांनी तिला जवळ बोलावलं. ओरडले नाहीत.

“बाळा, तो धागा खरंच तू बांधला होता काय?”

“हो काका.”

“मग या वर्षी दुसऱ्या कोणाला म्हणू दे. तू मागे बस आणि विचार कर. ठीक आहे ना?”

“ठीक आहे काका.”

दोन हातांवर कांताबाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. बुद्धपौर्णिमेला प्रीती शेवटच्या रांगेत बसली आणि दुसरी मुलगी अडखळत वंदना म्हणाली. जूनमध्ये प्रीती होस्टेलला गेली. जाताना तिने मला घरीच ठेवलं.

ते वर्ष फार वाईट गेलं. कांताबाई मला तेल लावायच्या, पण बोलायच्या नाहीत. कधीतरी एवढंच, “मी उठले का नाही गं? पायाला काय झालं होतं माझ्या?” महिला मंडळात कोणी काही चुकलं तर त्या आता कोणाला उभं करत नसत. नजर खाली घालून विषय बदलायच्या. आणि मी? मला माझीही लाज वाटायची. प्रीतीचा सोललेला तळहात माझ्यावरच घासला होता.

पुढच्या उन्हाळ्यात प्रीती सुटीवर आली. उंच झाली होती, अंगाने भरली होती. आईशी नीट बोलायची, पण पाहुण्यासारखं. बुद्धपौर्णिमेला सगळे विहारात निघाले, तेव्हा कांताबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. शंकरराव त्यांच्या बाजूने चालू लागले.

वंदना सुरू होण्याआधी कांताबाई उठल्या आणि मला समोर धरून उभ्या राहिल्या.

“जय भीम. मागच्या वर्षीचा धागा मी बांधला होता. प्रीतीला माहीत पण नव्हतं. तिने माझं पाप अंगावर घेतलं आणि मी आई असून तिला घेऊ दिलं. शारदा, तुला मी इथेच उभी केली होती. मला माफ कर असं म्हणायला पण तोंड नाही मला.”

चिंतामणकाकांनी चष्मा काढून पुसला. “चूक माझी पण आहे,” ते म्हणाले. “मी पोरीला विचारलं. घरातल्या मोठ्यांना विचारायला हवं होतं.”

मग शारदा बसल्या जागेवरून हळूच बोलली.

“कांताबाई, मला त्याच दिवशी कळलं होतं. ती आपल्या मिलवाल्यांची गाठ होती. पोरीला लेस बांधता येत नाही, ती गाठ तिला कुठून येणार?”

“मग तू बोलली का नाही?”

“सगळ्यांसमोर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला माहीत होतं ना.”

कांताबाईंनी शारदापुढे हात जोडले. मी त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडले. शंकररावांनी मला उचललं, माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि मान वळवली. तेव्हा मला कळलं की त्यांनीही ती गाठ ओळखली होती.

काकांनी प्रीतीला पुढे बोलावलं. ती आईजवळून जाताना थांबली. “वर्ष लागलं आई तुला,” एवढंच म्हणाली आणि पुढे जाऊन उभी राहिली. तिने वंदना म्हटली तेव्हा तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी खेळायची थांबले आहे. कांताबाई मात्र अजून वस्तीतल्या मुलींच्या काठ्यांना पट्टी गुंडाळून देतात. तुमच्याकडे लाकडाची काठी असेल तर तिला ओल लागू देऊ नका, वर्षातून दोनदा तेल द्या, मोरीत तर अजिबात नेऊ नका. आणि तुमची चूक दुसऱ्याच्या तळहातावर सोडून बसू नका. कांताबाई पट्टी गुंडाळण्याआधी प्रत्येक मुलीच्या हातात तिची उघडी काठी देतात. “नीट बघून घे गं,” त्या म्हणतात, “मी आत काही ठेवलं तर नाही ना.” मुली हसतात. कांताबाई हसत नाहीत. मुलीने पाहून मान हलवेपर्यंत त्या पट्टीला हात लावत नाहीत.